छंद आहे, दारू नाही

तुम्हाला सगळं माहीत होतं. वास येत होता. हात थरथरताना दिसत होते. तरीही तुम्ही ग्लास पुढे केलात आणि म्हणालात, "काय दादा, नवीन बॅच आली का?"

ग्रुपमधल्या प्रत्येकाचं नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

असे किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम जमवायला बसत नाही. एकाने सांगितलेला किस्सा दुसरा तिखटमीठ लावून सांगतो आणि पुढच्या शनिवारी तो सगळ्या ग्रुपचा होतो. आयर्लंडच्या ॲथलोन गावातल्या आमच्या आठ-दहा मराठी घरांमध्ये सगळ्यात जास्त किस्से मंदारदादाचे. आणि ते सांगण्यात पटाईत कोण? मी! इथे शिकायला आले, नोकरी लागली म्हणून राहिले, आणि पहिल्याच वर्षी मला या किश्शांमुळे सगळीकडे जेवायची आमंत्रणं यायला लागली.

सध्या मंदारदादा हॉस्पिटलात आहे. लिव्हर फार थोडं शिल्लक आहे, पुन्हा प्यायला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सोमवारी तो घरी येतोय. त्याआधी हे किस्से एकदा पहिल्यापासून सांगायचे आहेत. हसवायचं नाही, असं ठरवलंय. जमेल की नाही ठाऊक नाही.

* * *

सुरुवात कुकरपासून झाली.

मंदारदादा टेलिकॉम कंपनीत सीनियर इंजिनिअर. ऑफिसातल्या ख्रिसमसच्या गिफ्टमध्ये त्याला घरी बिअर बनवायचं किट मिळालं. बिअर पाणचट झाली. दुसरा कुणी असता तर किट शेडमध्ये टाकून मोकळा झाला असता. पण हा इंजिनिअर! त्याने चार रात्री व्हिडिओ बघितले आणि पाचव्या दिवशी प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली.

केतकीवहिनी ऑफिसातून आली, तर ओट्यावर हा संसार मांडलेला. नळीतून थेंब थेंब काहीतरी बरणीत पडतंय आणि मंदारदादा हातात थर्मामीटर घेऊन उभा.

"मंदार, हा माझ्या रुखवतातला कुकर आहे!"

"म्हणूनच घेतला. क्वालिटी चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी वरणाला वास आला. पाहुण्यांपैकी समीर म्हणाला, "वहिनी, वरण एकदम ग्रँड झालंय, अजून वाढा!"

आम्ही पोट धरून हसलो. आमच्यापैकी कुणी दुकानातून रोज व्होडकाची बाटली आणली असती, तर त्याच्या पाठीमागे आम्ही काय काय बोललो असतो! पण इथे थर्मामीटर होता, एक्सेल शीट होती, बाटल्यांवर बॅच नंबर होते. त्यामुळे ही दारू नव्हती. हा छंद होता.

* * *

इथे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं गुन्हा आहे. मंदारदादाचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात गार्डा, म्हणजे इथला पोलीस. युनिफॉर्म, टोपी, सगळं! केतकीवहिनीने पडद्याआडून पाहिलं आणि कॅन उचलून सगळा माल सिंकमध्ये ओतला. मंदारदादा हसऱ्या चेहऱ्याने दार उघडायला गेला.

गार्डा म्हणाला, "तुमच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय. रस्त्यावरून जाताना दिसला, म्हटलं सांगून जावं." मग त्याने हवेत एकदा नाक फिरवलं. "आज केक करताय वाटतं!"

तो गेला. मंदारदादा स्वयंपाकघरात आला, रिकामा कॅन बघितला आणि सिंकवर दोन्ही हात टेकून रडायला लागला.

समीर हा किस्सा सांगताना तो सिंक, ते हात, ते हुंदके, सगळं करून दाखवायचा. मी तर पुढे हात जोडून सिंकला श्रद्धांजली वाहायचे. दरवेळी टाळ्या!

चाळीस वर्षांचा माणूस चार लिटर दारूसाठी हुंदके देऊन का रडतो, हे आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.

* * *

उन्हाळ्यात मंदारदादाचे वडील भंडाऱ्याकडून आले. निवृत्त वनरक्षक. काकांना इंग्रजी येत नाही आणि शेजारच्या टॉमला मराठी येत नाही. टॉम सत्तरीचा, मूळचा पश्चिमेकडच्या डोंगरातला. त्याचे वडील पोचीन गाळायचे. पोचीन म्हणजे इथली गावठी.

शेडच्या दारात मंदारदादाने त्या दोघांना मशीन दाखवलं. तोवर कुकर रिटायर होऊन तांब्याचं चकचकीत भांडं आलं होतं. पहिली धार पडायला लागली तसा टॉम म्हणाला, "ही पहिली वाटी कुंपणापाशी ओतायची. पऱ्यांचा वाटा. माझा बाप कधी चुकला नाही."

मी काकांना भाषांतर करून सांगितलं. काकांचे डोळे चमकले. "आमच्याकडं बी असंच! मोहाची पयली धार देवाची. ते मानसानं पेऊ नये."

हे मी टॉमला सांगितलं. टॉमने काकांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "युअर मॅन हॅज इट राइट!" म्हणजे, हा गडी बरोबर बोलतोय. दोघं म्हातारे वाटी घेऊन कुंपणापर्यंत गेले आणि त्यांनी ती मिळून ओतली. त्याचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांना पाठवला.

मी पाठवला नाही तो भाग असा. परत येताना काका माझ्या बाजूला थांबले. हळूच म्हणाले, "पोरी, हा रोज पेते काय वं?"

मी म्हटलं, "नाही हो काका. छंद आहे त्याचा."

काकांनी रिकामी वाटी उलटी करून झटकली. "छंद तं माह्या भावालेबी होता."

* * *

शनिवारच्या बैठकीला मंदारदादा बाटली आणायचा, लेबलवर बॅच नंबर. जून महिन्यात चौदा नंबर प्यायला होता ग्रुप. जुलैत बाटली आली, तिच्यावर एकोणीस.

समीर ओरडला, "अरे, चौदावरून थेट एकोणीस? मधली व्हर्जन्स रिलीजच झाली नाहीत?"

मंदारदादा म्हणाला, "इंटर्नल टेस्टिंग!"

असा हशा पिकला की खालच्या मजल्यावर खेळणारी मुलं वर बघायला आली. फक्त केतकीवहिनी हसली नाही. ती ताटं गोळा करत होती. एकात एक ठेवताना आवाज होऊ नये, इतक्या हळू.

* * *

इरा त्यांची मुलगी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ॲथलोनच्या इंग्रजीत. वर्क फ्रॉम होम असलं की मंदारदादाच्या टेबलावर स्टीलचा पेला असायचा. स्टीलचा, म्हणजे आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

गणपतीच्या आरतीनंतर वीसेक लोक घरात असताना इरा मोठ्याने म्हणाली, "डॅडीज वॉटर इज स्पायसी. आय हॅड अ सिप."

एक क्षण घर गप्प झालं. त्या एका क्षणात कुणीही काहीही बोललं असतं, तरी पुढचं वर्ष वेगळं गेलं असतं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळेच सुटले.

रात्री घरी पोचेपर्यंत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदललं होतं: "स्पायसी वॉटर".

* * *

मला झोप लागेना. मी इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. दिवाळीच्या कार्यक्रमात दारूच्या व्यसनावर बोलायला वेळ द्या म्हटलं.

"विषय उत्तमच आहे गं. पण दिवाळीत कशाला? लोक नटूनथटून येतात."

मी सोडलं नाही. शेवटी रॅफलच्या, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीच्या, आधीची पाच मिनिटं मिळाली. मी तळमळून बोलले. परदेशातला एकटेपणा, आपली बघून न बघितल्यासारखं करायची सवय, लाज. नाव घेतलं नाही. पहिली टाळी कुणी वाजवली? मंदारदादाने! उभं राहून!

मग सेक्रेटरींनी माइक घेतला. "आता आलीच आहेस स्टेजवर, तर रॅफलच्या चिठ्ठ्या तूच काढ."

दुसरं बक्षीस काय होतं? बॅच सत्तावीस. कापडाच्या पिशवीत, सोनेरी रिबन बांधून.

मी चिठ्ठी काढली. नावही वाचलं. खणखणीत आवाजात.

* * *

यंदा श्रावणाच्या आदल्या दिवशी मी मंदारदादाला एकटं गाठलं. शेडमध्ये. वर्षभर धुमसत होते, सगळं बोलून टाकलं. तो ऐकून घेत होता आणि हसत होता.

"तुला वाटतं मी दारुडा आहे?"

"दादा, नसशील तर श्रावण पाळून दाखव. एक महिना. एक थेंबही नाही."

"एवढंच? उद्यापासून बंद!"

त्याने ग्रुपवर जाहीर केलं. लोकांनी हात जोडलेले, फुलांचे इमोजी टाकले. नागपूरला दर श्रावणात तो पाळायचाच, असं केतकीवहिनी म्हणाली. तिने मला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, जगात काहीतरी बदलायला बोलावंच लागतं, आणि मी बोलले! त्या दिवशी माझ्याइतकी खूश बाई आयर्लंडमध्ये नसेल.

पहिल्या दिवशी त्याला घाम फुटत होता. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की चहाचा कप धरवेना. मी मेसेज केला, "छान चाललंय! असाच टिकून राहा!" तिसऱ्या दिवशी सकाळी इराचा समर कॅम्पचा डबा भरताना तो स्वयंपाकघरात कोसळला. फिट आली. डोकं ओट्यावर आपटलं.

हॉस्पिटलात आम्ही पाच-सहा जण कॉरिडॉरमध्ये उभे. डॉक्टर तरुण होती, माझ्याच वयाची असेल. तिने केतकीवहिनीला समजावून सांगितलं, की इतकी वर्षं, इतक्या प्रमाणात रोज पिणाऱ्या माणसाने अशी एकदम बंद करायची नसते. औषधं देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. नाहीतर जीव जाऊ शकतो.

मग तिने विचारलं, "एका रात्रीत बंद करायला यांना सांगितलं कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या ग्रुपने एखाद्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दिलं.

* * *

आता कालचा किस्सा.

सोमवारी मंदारदादा येणार, म्हणून केतकीवहिनीने मला आणि समीरला शेड रिकामी करायला बोलावलं. तांब्याचं भांडं, नळ्या, कॅन, सगळं निघालं. शेवटी वरच्या फळीवर, टॉवेलखाली, लाकडी खोक्यात सहा बाटल्या सापडल्या. लाल मेणाने सील केलेल्या. प्रत्येकीवर मंदारदादाच्या अक्षरात लेबल: "इराच्या अठराव्या वाढदिवसाला उघडायची."

मार्चमध्ये इरा सहा वर्षांची झाली, तेव्हा त्याने या बाटल्या सगळ्यांसमोर सील केल्या होत्या.

समीर म्हणाला, "वहिनी, या ठेवूया का? माझ्या घरी ठेवतो. इराच्या आहेत."

"ओत," केतकीवहिनी म्हणाली.

समीरने मेण फोडलं, बूच काढलं आणि बाटली गटाराच्या जाळीवर उलटी केली. वासच आला नाही. त्याने बोट ओलं करून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाणी आहे."

दुसरी फोडली. पाणी. तिसरी. साही बाटल्यांमध्ये पाणी होतं. सील इतकं सुबक, की मंदारदादाने ते पुन्हा केव्हा लावलं, कुणाला कळलंच नव्हतं. केतकीवहिनी घरात निघून गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला.

सगळ्या रिकाम्या बाटल्या गाडीत भरून आम्ही रिसायकलिंग सेंटरवर गेलो. तीन फेऱ्या झाल्या. तिथला पिवळ्या जॅकेटमधला माणूस आमच्या मदतीला आला. चांगला बोलका होता. त्या सहांपैकी एक बाटली हातात घेऊन त्याने लेबल उलटंसुलटं करून पाहिलं.

"काय लिहिलंय यावर?"

समीर म्हणाला, "मुलीच्या अठराव्या वाढदिवसाला उघडायची."

"वा! आणि किती वर्षांची आहे पोरगी?"

"सहा."

तो माणूस मोठ्याने हसला. बाटली त्याने कंटेनरच्या भोकातून आत सोडली. ती खाली फुटेपर्यंत थांबला, मग आम्हा दोघांकडे वळून म्हणाला,

"बारा वर्षं दम निघाला नाही होय तुम्हाला!"