उत्तरार्धवाले दादा

माणसाला स्वतःचे दात आहेत तोवर आमची किंमत कळत नाही. आम्ही कवळ्या करतो. आम्ही म्हणजे मी आणि दादा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचा ठसा काढतो, त्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवतो आणि सगळं पुन्हा डॉक्टरांकडे धाडतो. पेशंटला आम्ही कधीच दिसत नाही. शहरातली निम्मी म्हातारी मंडळी आमच्या जिवावर हसतात आणि रस्त्यात मला साधी ओळखही दाखवत नाहीत, याचं पूर्वी मला फार वाईट वाटायचं. बायको म्हणाली, "ओळख दाखवायची म्हणजे काय करायचं त्यांनी? कवळी काढून दाखवायची?" तेव्हापासून तो विषय मी सोडला.

आमची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली आहे. खिडकीला लागून एक लांब टेबल, दोन स्टुलं, मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा आणि फळीवर रेडिओ. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली: वरची कवळी माझी, खालची दादांची. वरची आधी होते आणि खालची तिच्यावर जुळवतात, म्हणजे मानाने मी पुढे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. प्रत्यक्षात माझी वरची झाली की दादा ती डोळ्यांसमोर धरायचे, खिडकीच्या गजाशी ताडून बघायचे आणि म्हणायचे, "तिरकी आहे."

"तुमची मान तिरकी आहे, दादा."

"मान माझी आहे. कवळी लोकांची आहे. काढ ते दात."

मी कुरकुरत दात काढायचो आणि पुन्हा बसवायचो. दादा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, अंगाने काटकुळे, आणि या वयातही तोंडात सगळे दात स्वतःचे. "धंद्याची जाहिरात म्हणून एखादा तरी पाडून घ्या," असं मी म्हणायचो. ते म्हणायचे, "तुझी वरची बघून हिंमत होत नाही."

पण आमचं खरं भांडण कवळीवरून नव्हतं. ते होतं एका गीतकारावरून. ज्याच्या गाण्यांवर आमची अख्खी पिढी प्रेमात पडली, आणि माझ्यासारखे काही पडले ते पडलेच, तो गीतकार. त्याने भर बहरात असताना मध्येच काही वर्षं लिहिणं बंद केलं होतं. त्याआधीचा तो पूर्वार्ध, नंतरचा, मोजक्या ओळींचा, तो उत्तरार्ध. कामाच्या पहिल्याच दिवशी रेडिओवर त्याचं नवीन गाणं लागलं आणि मी, नवखा पोरगा, आपलं ज्ञान पाजळायला म्हणालो, "संपला हो हा माणूस. पहिली गाणी काय होती! तेच शिखर. आता नुसता उतार." दादांनी मान वर न करता विचारलं, "तुला अक्कल कमी आहे की आज घरी ठेवून आलायस?" अशी आमची ओळख झाली.

पुढे सगळी गल्ली मला पूर्वार्ध आणि त्यांना उत्तरार्ध म्हणायला लागली. मी वाचनालयात एकदा 'पूर्वार्धाचं सौंदर्य' या विषयावर भाषणसुद्धा दिलं. श्रोत्यांत माझी बायको होती, तिने ओढून आणलेली मैत्रीण होती, कुलूप लावायला थांबलेला शिपाई होता आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून दादा होते. प्रश्नोत्तरांत सगळे प्रश्न दादांचेच. शेवटी शिपायाने दिवे घालवले, तरी आम्ही अंधारात थोडा वेळ मुद्दे मांडत होतो.

दादांची बायको गेली तेव्हा ते बरेच दिवस कामावर आले नाहीत. आले त्या दिवशी काय बोलावं ते मला कळेना. सांत्वनाची वाक्यं मी घरून पाठ करून आणली होती, ती ऐन वेळी घशातच राहिली. तोंडातून निघालं ते भलतंच: "काही म्हणा दादा, उत्तरार्धातलं एक गाणं धड गुणगुणता येत नाही." म्हटलं, आता हा माणूस हातातला तापलेला चाकू फेकून मारणार. पण दादा जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी तावातावाने भांडले, मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, डबा उघड." इतकं स्पष्ट बघूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. डोकं माझंच असल्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

गेल्या वर्षी दादांच्या मुलीने मला जिन्यात गाठलं. ती इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे ती नुसती काळजी करत नाही, आकड्यांनिशी करते.

"काका, बाबांचं ब्लडप्रेशर माहितेय तुम्हाला? रोज लालबुंद होऊन घरी येतात. जेवतानासुद्धा 'त्याला काही कळत नाही, त्याला काही कळत नाही' चाललेलं असतं. तुम्ही जरा नमतं घ्या ना. नाहीतर मी त्यांचं काम बंद करणार, सांगून ठेवते."

दादा नाहीत तर त्या जिन्याखालच्या खोलीत मी कुणाच्या शेजारी बसू? तेव्हा मी ठरवलं, हरायचं. इतक्या वर्षांचा लढवय्या एका माणसाच्या तब्येतीसाठी शस्त्र खाली ठेवतोय, या विचाराने माझेच डोळे पाणावले. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला हरता येत नाही. उगाच नको तिथे हात घालू नका."

पण मी हरायचीसुद्धा तयारी करणारा माणूस. पुरावे हवेत म्हणून उत्तरार्धातली सगळी गाणी नीट बसून ऐकली. त्यात ते दोन कपांचं गाणं आहे: म्हातारा सकाळी सवयीने दोन कप विसळतो आणि एक तसाच फळीवर ठेवून देतो. या गाण्याची मी दादांसमोर हजारदा टर उडवली होती. या वेळी ऐकताना दोनदा नाक पुसावं लागलं. मी ते सर्दीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मेण तापवता तापवता म्हणालो, "दादा, तुमचंच बरोबर होतं. उत्तरार्धच श्रेष्ठ. मी हरलो."

दादांचा हात थांबला. "बरं नाहीये का तुला?"

"बरा आहे की."

"घरी काही झालंय?"

"काही नाही. नीट ऐकलं, पटलं."

"बरं," दादा म्हणाले आणि दातांचा खोका पुढे ओढून कामाला लागले. मी गळ्यात हार पडायची वाट बघत मान झुकवून बसलो होतो. हार राहिला, मान तेवढी अवघडली.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत सभ्यपणा नांदायला लागला. "दादा, चहा सांगू?" "तुला हवा असेल तर सांग." "उठू नका, मी देतो प्लास्टर." "राहू दे, घेतो मी." रेडिओवर गीतकाराचं गाणं लागलं की आम्ही दोघंही छताकडे बघायचो. आणि माझी वरची कवळी बघून दादा म्हणाले, "छान." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मी घरी जाऊन बायकोला तीनतीनदा सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दादा छान म्हणाले? मग कुठेतरी नक्की चुकलंय."

तिचं बोलणं मी मत्सरात जमा केलं. आठवड्याभरात डॉक्टरांचा फोन आला. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी मेणात करून तोंडात घालून बघायला पाठवली होती. फोन दादांनी उचलला. डॉक्टरांचा आवाज एवढा खणखणीत की मला माझ्या स्टुलावरून सगळं ऐकू येत होतं.

"काय हो, तुम्हा दोघांचं भांडण झालंय का?"

"नाही डॉक्टर. उलट समेट झालाय."

"तरीच! दात एकमेकांवर अगदी फिट्ट बसलेत, पण बाई हसल्या की घर एका बाजूला खचल्यासारखं दिसतंय. त्यांनी आरसा पालथा घातला आणि माझ्याशी बोलत नाहीयेत."

दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "माझा हात हलला, डॉक्टर. वय झालं आता." त्यांनी फोन ठेवला, एप्रन काढला, त्याची नीट घडी केली आणि पिशवीत टाकली. "पोरगी म्हणते तेच खरं. मी थांबतो आता. तुला कुणीतरी चांगला मिळेल." आणि गेले. मी त्यांना अडवलं नाही, कारण सभ्य माणूस असं अडवत नाही.

संध्याकाळी कवळी परत आली. दादांच्या हाताने कसा दगा दिला ते बघावं म्हणून मी ती खिडकीच्या गजासमोर धरली. खालची तिरकी होतीच. पण ती तिरकी होती कारण वरची तिरकी होती. माझी. डाव्या बाजूच्या दाढा मी चक्क खाली उतरवून ठेवल्या होत्या आणि दादांनी मुकाट्याने त्याला जुळवून घेतलं होतं. आंधळ्यालाही दिसावं असं ते होतं, आणि दादा काही आंधळे नव्हते.

कवळी डब्यात घालून मी तडक त्यांच्या घरी गेलो. दादा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. रेडिओ बंद. मुलगी आत होती. मी डबा त्यांच्यासमोर उघडला.

"दादा, हे तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा गोड वागत होतास. म्हटलं, कशाला दुखवा."

"आणि डॉक्टरांना हात हलला म्हणून सांगितलंत?"

"तुला अजून बरीच वर्षं काम करायचंय. मला काय?" त्यांनी डबा बाजूला सारला. "खरं सांगू? तू हरलास ना, त्या दिवसापासून मला तिथे यावंसंच वाटेना. ज्याला 'चुकलास' म्हणता येत नाही, त्याच्या शेजारी बसून मी करू काय? पोरीने सांगितलं असणार तुला, म्हातारा आहे, सांभाळून घ्या. तू मला त्या क्षणी म्हातारा केलंस बघ."

मी दयाळूपणा म्हणून जे केलं होतं, त्याने या माणसाची सकाळी उठून बाहेर पडायची इच्छाच काढून घेतली होती. मला रडू येत होतं, आणि रडलो असतो तर त्यांनी पुन्हा मला सांभाळून घेतलं असतं.

"दादा," मी म्हणालो, "मी खोटं हरलो होतो."

"ते मला तेव्हाच कळलं."

"पण खोटं हरायला म्हणून गाणी ऐकली, त्यातलं दोन कपांचं खरंच चांगलं निघालं. ते तुमचं. मान्य. बाकीचा उत्तरार्ध मात्र नुसता पाडलेला आहे. ओळी कमी लिहिल्या म्हणून कुणी खोल होत नाही. कधी कधी माणसाला सुचलेलंच नसतं!"

दादा खुर्चीत सरळ झाले. "पाडलेला? कुठलं गाणं पाडलेलं? नाव घे. एक तरी नाव घे!"

मी चार घेतली. दुसऱ्याला त्यांचा चेहरा लाल झाला, तिसऱ्याला ते उभे राहिले. मुलगी ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन धावत आली. "काका! मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तू मध्ये पडू नकोस," दादा तिच्यावर गरजले, "याला काही कळत नाही!" तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मशीन टेबलावर ठेवून ती मुकाट्याने चहा करायला गेली.

मग दादांनी डब्यातली वरची कवळी उचलली, दिव्याखाली धरली, एक डोळा मिटून बराच वेळ बघितली आणि ओरडले, "आणि हे काय केलंय? कुठल्या गाढवाने बसवलेत हे दात?"

"मी," मी म्हणालो. आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.