धाकटीची सुनावणी

धाकट्या बहिणीला शाळेतून काढू नये म्हणून माझ्या आईने कायदा पाठ केला. माझे पाढे मात्र तिने कधी म्हणून घेतले नव्हते.

मी तेव्हा नववीत, धाकटी तिसरीत, कसब्यातली शाळा एकच. धाकटी स्वमग्न. वर्गात गोंगाट वाढला की ती कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची आणि किंचाळायची. मग शिपाईमामा माझ्या वर्गाच्या दारात हजर. "ए ताई, चल, बहीण रडतीय." बाई फळ्यावरून नजर न काढता मान हलवायच्या. मी वही मिटायची, खाली जायचं आणि बाकाखाली बसून तिची पाठ चोळत राहायचं. शाळेत तसा रिवाजच पडला होता. बहुतेक वेळा बुडायचं ते गणित. घरी मी याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरात आधीच धाकटीशिवाय दुसरा विषय नव्हता, त्यात मी कशाला भर घालू?

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही हो. जूनपासून दुसरीकडे बघा." मंडईत घासाघीस करायलाही लाजणारी माझी आई, पण ती म्हणाली, "काढून दाखवा." आणि सरळ दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करून आली. अपंगत्वाचं कारण सांगून शाळेला मूल नाकारता येत नाही, उलट त्याला लागेल ती मदत शाळेनेच द्यायची असते, हे ती आमटी ढवळताना पुटपुटायची.

मी जळायचे. आडपडदा कशाला ठेवू, चांगली जळफळायचे. घटक चाचणीत मी गणितात नापास झाले. आईने प्रगतिपुस्तकावर सही केली आणि त्याच पेनाने पुन्हा तक्रारीचा मजकूर लिहायला घेतला. रागवायलाही तिला सवड नव्हती. आपल्यालाही काहीतरी व्हावं, मग बघू आई कोणाकोणाशी भांडते ते, असंही मनात येऊन गेलं.

सुनावणीला मीही गेले. धाकटीला सांभाळायला, अर्थात.

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, इतर मुलांचं नुकसान होतं. हिच्या सख्ख्या बहिणीलाच विचारा ना."

अधिकारी माझ्याकडे वळले. "बाळ, तुझं काही नुकसान होतं का?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. मग माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला! हो, होतं. माझं गणित बुडतं. ही रडली की भर तासाला मलाच उठवतात, मलाच बाकाखाली बसवतात. मला हिची आया व्हायचं नाहीये. मुख्याध्यापक समाधानाने मान डोलवत होते. आई खाली बघत होती. तिला लागलं हे दिसलं आणि मला बरं वाटलं.

अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "म्हणजे या मुलीला मदत म्हणून शाळेने आजवर काय केलं? दुसऱ्या मुलीला तासावरून उठवलं?"

आदेश झाला: धाकटी याच शाळेत राहील, तिच्यासाठी शाळेने विशेष शिक्षिका नेमावी आणि मोठीला पुन्हा वर्गातून उठवू नये.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "घरी का नाही बोललीस?"

"तू कधी विचारलंस?"

रिक्षात धाकटीला पलीकडे बसवून आई माझ्या बाजूला सरकली.

संक्रांतीनंतर नव्या बाई आल्या. एकदा मधल्या सुट्टीत मी मुद्दाम तिसरीच्या वर्गावरून गेले. आत हा कल्ला चाललेला, आणि धाकटी बाईंना टेकून पोळीचा रोल खात होती. मी दारातून हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बाईंच्या ओढणीचे गोंडे मोजायला लागली. बाई हसून मला म्हणाल्या, "जा तू, आम्ही मजेत आहोत."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी त्या बाईंचा असा संताप आला! पुढे होऊन ती ओढणी धाकटीच्या हातातून ओढून घ्यावी आणि बाईंना सांगावं, अहो, बहीण आहे ती माझी.