चुन्याची गोणी

दामूमामा गेल्याचा फोन मला वसंतमामाने केला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी त्याला माफ करणार नाही. दामूमामा माझ्या आईचा सख्खा भाऊ, वसंतमामा चुलत. मासवणला दोघांची घरं समोरासमोर, मध्ये दामूमामाचा उताराच्या जमिनीचा तुकडा. "दामू सकाळी गेला गो, झोपेतच," एवढं सांगून तो लगेच म्हणाला, "त्या तुकड्याचं काय ते मागनं बघू."

त्या तुकड्याची माती आंबट. भाजीपाला धरायचा नाही, नाचणी मात्र कशीबशी यायची. दामूमामाला मूलबाळ नव्हतं, मामीही गेलेली. तो नाचणी पेरायचा ती भेकरांसाठी. कुंपण नाही, राखण नाही... भेकरं डोंगरातून उतरायची आणि कोवळी पानं खाऊन जायची. एका वर्षी वसंतमामाने त्याच नाचणीत गाभण भेकर मारलं, आणि वर मटणाचं पातेलं दामूमामाच्या ओट्यावर आणून ठेवलं. "तुझ्याच शेतातलं हाय, तुझा वाटा," म्हणाला. मामाने ते पातेल्यासकट डोंगराच्या पायथ्याशी पुरलं.

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपली दातिवऱ्याहून शिंपल्यांच्या चुन्याची गोणी घेऊन गेले, मातीचा आंबटपणा जाईल म्हणून. मामाने ती उघडलीच नाही. "चुना टाकला का जमीन सुधरंल, न् सुधरली का वसंताची नजर पडंल. आंबट हाय तवर भेकरांची हाय." गोणी त्याने वरच्या बांधावर ठेवली, बरोब्बर वसंतमामाच्या ओट्यासमोर, आणि रोज संध्याकाळी तिच्यावर बसू लागला. पावसाने चुन्याचा दगड झाला. मामा हलायचा नाही, त्यामुळे भेकरंही त्याला सरावली. मध्ये ती चरायची, पलीकडे वसंतमामा बंदूक मांडीवर घेऊन बसायचा... गोळी चुकली तर थेट दामूमामाच्या छातीत. "समोर वाढलेलं हाय, पन खायाचं नाय," मामा हसत म्हणाला होता. "रोज बघू दे." इतका शांत सूड मी दुसरा पाहिला नाही, आणि सांगायला लाज कसली, मला तो फार आवडायचा.

तेराव्याला वसंतमामा पंगतीत माझ्या शेजारीच बसला. चुना टाकतो, मोगरा लावतो, तुला दातिवऱ्याहून कुठं झेपणार, असं त्याचं बराच वेळ चाललं होतं. त्याने लाडवाचा पहिला घास तोंडात घेतला तेव्हा मी सांगितलं, तुकडा मामाने माझ्या नावावर केलाय. घास गिळायला त्याला पाणी लागलं. तांब्या माझ्याजवळ होता, मी तो मुद्दाम हळू सरकवला.

नोकरीतून मी यंदाच सुटले. बिऱ्हाड मासवणला आणलं, नाचणी पेरली, मातीला चुन्याची चिमूटही दाखवली नाही. आता रोप गुडघ्याला लागलंय. गोणीवर मामाच्या बैठकीचा खळगा पडलाय, त्यात मी नीट मावते. काल संध्याकाळी दोन भेकरं उतरली, एक पाडस मागोमाग. वसंतमामा ओट्यावरून ओरडला, "उठ गो तिथनं, बाईमाणसाने असं काय बसायचं?"

"तुमी बसा, मामा," मी भेकरांकडे बघत म्हणाले. "आमचं खाणं व्हायचं हाय अजून."