लवंगेला नख लावताना

काल घरपोच आलेलं लवंगांचं पाकीट जाऊबाईंनी फोडलं, एक लवंग नखाने दाबली आणि ते नख माझ्यापुढे धरलं. कोरडं ठणठणीत.

"तेल आधीच काढून घेतलंय गं. ही लवंग नाही, लवंगेचं मढं आहे."

चांगल्या लवंगेला नख लावलं की तेल चमकतं, हे मलाही ठाऊक आहे. पण फोनच्या काचेला नख लावून काय दिसणार? म्हणून मी लोकांच्या अभिप्रायांवर विश्वास टाकला होता. आता चिडून तेच पुन्हा वाचायला बसले. "पाकीट फार सुंदर." "एक दिवस आधीच आलं." "पॅकिंग मस्त!" माल कुठला, कधीचा, वास येतो की नाही, याबद्दल एकाच्याही तोंडून चकार शब्द नाही. ही माणसं मसाला घेतात की खोकी? यांना उद्या कुणी लाकडाचा भुसा पाठवला, तरी पिशवीच्या चेनचं कौतुक करतील. नाकं काय नुसती चष्मा टेकवायला दिली आहेत यांना? दुकानदाराला तरी कशाला बोलायचं? त्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय.

रागाच्या भरात मी त्याच दुकानाच्या वेलचीखालचे अभिप्राय उघडले. तिथेही तेच. "छान पॅकिंग, वेळेत मिळालं," असं लिहून कुण्या शहाणीने पाचही तारे देऊन टाकले होते.

वर नाव माझं होतं. ती वेलची अजून फडताळात आहे, न फोडलेली.