मुळांमागचा खड्डा

वादळाच्या दुसऱ्या दिवशी गावात कुणाचा भाव वधारत असेल, तर करवतकाकांचा. एरवी वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे; झाडं आडवी झाली की मात्र नगरपालिकेच्या साहेबापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना काकाच हवे असत. तीस वर्षं त्यांनी झाडं कापायचं मशीन चालवलं आणि ते कधी कुणाच्या हाती दिलं नाही. मेहुणा बारा वर्षं त्यांच्यासोबत होता, पण त्याच्या वाट्याला दोर धरणं आणि फांद्या ओढणं एवढंच.

या तीस वर्षांत मशीनने काकांचे कान खाल्ले. घरात बायकोची हाक येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी सोपा उपाय काढला: ती काहीही बोलली की 'बरं' म्हणायचं. असा ऐकणारा नवरा शोधून सापडला नसता. पण बायको काही दुधखुळी नव्हती. एके दिवशी ती समोर येऊन उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "ऐकू येत नाही, हे माझ्या भावाला तरी सांगा. तो तुमच्या भरवशावर काम करतो."

"बरं," काका म्हणाले, आणि सांगितलं नाही. बहिऱ्याच्या हाती मशीन कोण ठेवणार? आणि ते गेलं की वाट्याला उरला मेहुण्याचा दोर. त्या दोराची काकांना भीती वाटायची.

त्या सकाळी शाळेच्या रस्त्यावर एक जुनं झाड मुळांसकट उलथलं होतं. मुळं मातीसकट भिंतीसारखी उभी राहिली होती आणि त्यांच्यामागे पुरुषभर खोल खड्डा पडला होता. असं खोड कापून वेगळं केलं की त्याचा भार सुटतो, मुळं धाडकन मागे बसतात आणि खड्डा बुजतो. आत कुणी असेल तर त्याच्यासकट. म्हणून दोघांचा नियम होता: शेवटच्या कापाआधी मशीन बंद करून काकांनी विचारायचं, "मागे मोकळं?" आणि मुळांकडून मेहुण्याने सांगायचं, "मोकळं."

फांद्या छाटून झाल्या. खोड चार बोटं उरेपर्यंत कापून काकांनी मशीन बंद केलं आणि हाक दिली, "मागे मोकळं?"

मग नेहमीप्रमाणे मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि मशीन सुरू करायची दोरी ओढायच्या आधी सवयीने खोडावर तळवा ठेवला. खोड हलकंसं हादरत होतं. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मुळांवर कुणीतरी कुऱ्हाड घालत होतं.

काका मशीन तिथेच टाकून धावले. मेहुणा खड्ड्यात उभा होता. मुळांत अडकलेला दोर तो मुळं तोडून काढत होता, आणि ओरडून ओरडून त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तीनदा 'थांबा' म्हणालो, भावोजी. मशीन तर बंद होतं." तो आपल्या ओठांवर खिळलेले त्यांचे डोळे बघत राहिला. "ऐकू नाही आलं?"

थाप मारायला जागा होती. काकांनी खड्ड्याकडे पाहिलं.

"नाही आलं. दीड वर्ष झालं."

"मग मी 'मोकळं' म्हणायचो ते?"

"पाच आकडे मोजायचो."

मेहुणा दोर सोडवून वर आला आणि ओल्या मातीतच बसला. काका परत गेले, मशीन उचलून आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मला जमणार नाही," तो म्हणाला.

"बारा वर्षं बघतोयस. चार बोटंच लाकूड राहिलंय. बाजूला उभा राहून काप, घाई करू नकोस."

काकांनी दोर गोळा करून खांद्यावर टाकला आणि ते मुळांपाशी जाऊन उभे राहिले. मेहुणा खोडापाशी गेला, पण त्याने तिथून हाक दिली नाही. तो वळसा घालून काकांच्या तोंडासमोर आला आणि त्याने सावकाश विचारलं, "मागे मोकळं?"

काकांनी वाकून खड्ड्यात पाहिलं. मग पलीकडच्या बाजूने जाऊन पुन्हा एकदा पाहिलं, आणि हात वर केला.