कोरड्या ग्लासची साक्ष

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि, माझ्या नवऱ्याच्या मते, नाटक करते. पालकसभेतला हायड्रोजनचा प्रयोग हा माझा हुकमी अंक. जस्तावर आम्ल टाकायचं, निघणारा वायू कोरडा करून बारीक नळीच्या तोंडाशी पेटवायचा आणि ज्योतीवर ग्लास उपडा धरायचा. जळता जळता दोन वाटे हायड्रोजन हवेतल्या एक वाटा ऑक्सिजनशी जुळतो आणि काचेवर पाणी जमतं. आगीतून पाणी! इथे मी पदर सावरून टाळ्यांसाठी थांबते.

गेल्या वर्षी थांबले, तर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले एक पालक उठून म्हणाले, "बाई, पावसाळ्यात आमचा आरसा पन असाच भिजतो. पानी हवेतलंच."

सगळी सभा हसली. बोंबील वाळवणारा माणूस. हवेतला ओलावा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळणार. मी ग्लास पुसून पेटीत ठेवला. यंदाची सभाही ऐन श्रावणात आली, आणि पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून आदल्या रविवारी मागच्या पडवीत सासऱ्यांपुढे रंगीत तालीम ठेवली. आधी परीक्षानळीभर वायू पेटवून पाहिला. त्यात हवा मिसळलेली होती, त्यामुळे कुत्रं भुंकल्यासारखा आवाज झाला आणि आमची मांजर थेट केळीच्या वाडीत पळाली. थोड्या वेळाने भरलेली नळी जवळजवळ आवाज न करता जळली, तेव्हाच मी मुख्य ज्योत लावली. ग्लास ओला झाला. मी पदर सावरला.

सासरे म्हणाले, तो पालक काही चुकीचं बोलला नव्हता. मग त्यांनी दुसरा ग्लास मागवला, चांगला पुसला आणि ज्योतीपासून हातभर लांब धरून बसले. त्यांचा कोरडाच राहिला. तेवढ्यावरही समाधान होईना. वाडीत फवारायचा निळा मोरचूद आणून त्यांनी एका फुटक्या तव्यावर भाजला. तो पांढराफटक झाला. "याला पाणी लागलं की हा पुन्हा निळा होतो, सूनबाई. लपवत नाही."

हे मी दर वर्षी दहावीला शिकवते. मला आठवलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सासरे इस्त्रीचा सदरा घालून मंचावर आले. मी ग्लास ज्योतीवर धरला, त्यांनी दुसरा रिकाम्या हवेत, फोटो काढून घेत असल्यासारखं. मग दोन्हींत चिमूट चिमूट पांढरी पूड टाकली. माझ्या ग्लासात ती निळी झाली. त्यांच्यात पांढरीच.

पाचूबंदरचे पालक पहिल्याच रांगेत होते. ते वर आले, सासऱ्यांचा ग्लास उजेडात फिरवून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं.

"काका, तुमचा कोरडा हाय," ते म्हणाले. "मंग बाईंचं पानी आगीचंच."

टाळ्या कडाडल्या. मी पदर सावरला, पण वाकून नमस्कार करायला सासरे आधीच पुढे झाले होते.