कोनाड्यातली सळई

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. वडिलांच्या अस्थी सावडताना स्मशानातल्या म्हाताऱ्याने राखेतून एक काळी सळई उचलली. अपघातानंतर वडिलांच्या मांडीत बसवलेली. तिच्या जोरावर ते दहा वर्षं चालले. म्हाताऱ्याने ती पाण्याने धुतली, धोतराला पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“रामकुंडात हाडं इरघळत्यात, हे नाय इरघळायचं. घरी न्या.”

मी हात पुढे केला नाही. त्याने ती कोनाड्यात ठेवली. तिथे आणखी सात-आठ सळया, पट्ट्या होत्या, सगळ्या नीट पुसून ठेवलेल्या.

“कुणी मागायला येतं?” मी विचारलं.

“अजून तरी नाय,” तो म्हणाला आणि पुन्हा राख चाळू लागला.

आजही तिथे कुणाला पोचवायला गेलो, की मी कोनाड्याकडे पाठ करून उभा राहतो.